ऊस, दूध का एमआयडीसी? आपल्याकडचं बारकं गाव खरं कशावर चाललंय

कासारी_काठ

राम राम मंडळी. कोल्हापूरचा म्हटलं की बाहेरची माणसं लगेच म्हणतात तुमचं काय बाबा, बारमाही पाणी, ऊस, कारखाने, सगळे बागायतदार. पुण्यात ऑफिसात मला हे कायम ऐकायला मिळतं आणि दरवेळी समजावून सांगायचं म्हटलं तर कुठनं सुरू करायचं कळत नाही, म्हणून इथं लिहितोय, कारण इथं निम्मी माणसं आपल्याच भागातली आहेत.

माझं गाव पन्हाळा तालुक्यात कासारीच्या काठाला. दीडशेच्या आसपास उंबरा. त्यातल्या निम्म्याहून जास्त घरांची जमीन एकराच्या आत आहे, म्हणजे हिशोब गुंठ्यातच करायचा. कुणाचे वीस गुंठे, कुणाचे पंधरा, आणि ते पण एका जागी नाहीत, मळीला चार, माळाला सहा, ओढ्याकडं पाच. आजोबाच्या नावावर अडीच एकर होती ती चार भावांत आली, चार भावांची पुढच्या पिढीत अकरा पोरं झाली, आता नांगर वळवायला पण जागा राहिली नाही.

आता उसाचा हिशोब बघा. अर्धा एकर लागण धरा. चांगला आला तर वीस टन. लागणीपासनं तोड येईपर्यंत पंधरा-सोळा महिने जातात. टनाला बत्तीसशे धरले तर चौसष्ट हजार. यातनं नांगरट, सरी सोडणं, बेणं, लागणीची मजुरी, खताचे डोस, भांगलण (तण काढणं), भरणी (उसाच्या बुडाला मातीची भर घालणं), पाणीपट्टी वजा करा. सोसायटीचं पीककर्ज तर बिलातनंच कापून जातं, ते आपल्या हाताला लागतच नाही. सगळं जाऊन पंचवीस-तीस हजार राहिले तर चांगलं म्हणायचं, आणि ते सोळा महिन्यांचे. महिन्याला दोन हजार पण पडत नाहीत. एवढ्यावर पाच माणसांचं घर चालतंय का?

चालत नाही. घर चालतंय ते डेअरीवर. गोठ्यात दोन म्हशी, एखादी गाय, सकाळ-संध्याकाळ किटली घेऊन डेअरीला जायचं, दर दहा दिवसाला बिल. किराणा त्यातनं, पोरांची फी त्यातनं, दवाखाना त्यातनं, भिशी त्यातनं, आणि दिवाळीला जो दर फरक मिळतो त्यात कपडे आणि फराळ. पण गावात पारावर बसा, कट्ट्यावर बसा, बोलणं कशाचं तर उसाचं. यंदा दर काय, कारखान्याच्या निवडणुकीत कुठलं पॅनेल, तोड कधी येणार. दुधाचं बोलणं नाही कारण दुधाचं काम पारावर बसणारी माणसं करत नाहीत. ते बायका करतात. आणि ज्या बाईच्या हातावर घर चाललंय तिचं नाव ना सातबाऱ्यावर, ना डेअरीच्या वहीत.

मला हे बोलायचंय. तुमच्या गावात काय परिस्थिती आहे ती लिहा, गाव कौतुक करायला नको आणि गाव मेलं म्हणून रडायला पण नको, जे आहे ते लिहा.

भरणी_झाली

भावा हिशोब बराचसा बरोबर आहे पण निष्कर्षात मला पटलं नाही. ऊस काढून टाक आणि मग दोन म्हशी सांभाळून दाखव. नोव्हेंबरपासनं मार्च-एप्रिलपर्यंत गावातली सगळी जनावरं वाड्यावर, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यावर जगतात. तोड आली की ज्याच्या रानात कोयता लागलाय तिथं बायका विळा आणि दोरी घेऊन हजर, भारा बांधून घरी. ते वाडं विकत घ्यायचं म्हटलं तर दुधाचा धंदा तिथंच बंद पडतो. बांधाची वैरण, पाटाकडंचं गवत, सगळं उसाच्या पाण्यावर आहे. ऊस आणि दूध वेगळं काढता येत नाही.

दुसरं, उसाला निदान कायद्यानं ठरलेला दर आहे. २०२४-२५ च्या हंगामाला एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचाच तो किमान दर, टनाला ३४०० रुपये होती, १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातनं निघणाऱ्या साखरेचं प्रमाण), आणि त्याच्या वरच्या उताऱ्याला वाढीव. आपल्याकडं उतारा बाराच्या आसपास जातो म्हणून आपल्याला महाराष्ट्रात जास्त पडते, त्यातनं तोडणी-वाहतूक वजा होऊन हातात मिळतंय. कायद्यात आहे की तोडल्यापासनं चौदा दिवसांत पैसे दिले पाहिजेत. ते चौदा दिवस कितीजण पाळतात तो वेगळा विषय, पण निदान भांडायला कागद आहे हातात. जयसिंगपूरला दरवर्षी ऊस परिषद होते, रस्त्यावर आंदोलन होतं, त्यामुळंच आज हा दर दिसतोय. टोमॅटोला आहे का कोण असा? कोबीला आहे? गेल्या काही वर्षांत आमच्या भावकीतल्या दोघांनी ऊस मोडून भाजीपाला केला, दोघं परत उसावर आले.

आणि एक गोष्ट शहरातल्या लोकांना कळत नाही. ऊस हे असं पीक आहे की माणूस सकाळी एमआयडीसीला जाऊन पण ते करू शकतो. भात, भुईमूग, भाजीला रोज रानात पाय पाहिजे. ऊस भरणी झाली की त्याला फक्त पाणी. बारक्या शेतकऱ्यानं ऊस धरला तो आळसानं नाही, त्याला दुसरीकडं कामाला जायचं असतं म्हणून.

कासारी_काठ

भरणी दादा, शेवटचा मुद्दा लाख मोलाचा. पण तेच तर. तो सकाळी एमआयडीसीला जातो, मग मागं रान आणि गोठा कोण बघतंय?

गोठा_आणि_मी

मी बघते. करवीर तालुक्यात भोगावतीकडचं गाव आहे आमचं, लग्न होऊन आले तेव्हापासनं गोठा माझ्याकडं. लिहायची सवय नाही पण धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते, चुकलं तर समजून घ्या.

पहाटे पाचच्या आत उठायचं. आधी शेण काढायचं, झाडलोट, म्हशींना पेंड-भुसा भिजवलेला ठेवायचा, मग धार. म्हैस माणूस ओळखते, मी माहेरी गेले की दूध चोरते ती, घरच्यांनी धार काढली तरी दीड-दोन लिटर कमी येतंय, म्हणून मी माहेरी राहायलाच जात नाही, लग्नकार्यात पण संध्याकाळच्या धारेला परत. मग डेअरी, तिथं लाईन. फॅट लागली तर पैसा. म्हशीच्या दुधाला सहा फॅट आणि नऊ एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) धरून दर काढतात, पन्नाशीच्या आसपास पडतोय, गाईला तीस-पस्तिसात. फॅट पाच पॉईंट पाचवर आली की मशीनकडं बघत उभी राहते मी, कारण त्या पॉईंटवर दहा दिवसाच्या बिलात फरक दिसतो. मग घरी येऊन स्वयंपाक, डबे, पोरं शाळेला. मग रानात. भांगलण असली तर पैऱ्यानं जायचं, आज माझ्यात उद्या तिच्यात. येताना भारा. डोक्यावरचा भारा घेऊन दीड किलोमीटर चालायचं. दुपारी शेणी लावायच्या. संध्याकाळी परत तेच सगळं. मान आणि कंबर गेलीय, डॉक्टर म्हणतात ओझं उचलू नका.

भरणी दादांनी वाड्याचं लिहिलं ते बरोबर, पण एक सांगते कुणाला माहीत नसलं तर. नुसतं वाडं घातलं की म्हशीला कॅल्शियम कमी पडतंय, वाड्यात ऑक्झलेट असतं ते अंगातला चुना धरून ठेवतं. व्यायलेली म्हैस थंड पडते, बसली की उठत नाही. आमची एक अशीच गेली, लाखाच्या वर दिलेले होते तिला. तेव्हापासनं मी चुन्याची निवळी पाण्यातनं देते आणि वाड्याबरोबर कडबा नाहीतर वाळकं पिंजार घालतेच.

आता पैशाचं. खातं मालकांच्या नावावर आहे. डेअरीत बिल मी घेते पण सही त्यांची, आता तर बँकेतच जमा होतंय त्यांच्या. वाईट माणूस नाहीत ते, मागितले की देतात. पण मागावं लागतंय. लाडक्या बहिणीचे दीड हजार माझ्या खात्यावर येतात, तेवढेच माझ्या नावाचे पैसे आहेत जगात, आणि चाळीस लिटरच्या कॅनला माझे हात लागतात ते कुणाच्या हिशोबात नाहीत.

शेणी_थापल्या

ताई 🙏 माझी आई डोळ्यासमोर आली. आता पुण्याला आणलंय तिला तर इथं फ्लॅटमध्ये पहाटे पाचला उठून बसते.

शिरोळचा_गडी

आमच्याकडची गोष्ट जरा वेगळी आहे. शिरोळ तालुका, पंचगंगा आणि कृष्णेच्या मधला पट्टा. इथं जमीन मोठी, पाऊस कमी, पाचशे-सहाशे मिलिमीटर, आणि नदी भरपूर. तुमच्या गगनबावड्याला पाच हजाराच्या वर पडतो आणि ते सगळं पाणी शेवटी आमच्या दारात येतंय.

२००५ ला आला, तेव्हा म्हातारी माणसं म्हणाली असा पूर परत बघायला मिळणार नाही. २०१९ च्या ऑगस्टला त्याच्यापेक्षा मोठा आला, आणि त्यातनं उभं राहतोय तोवर २०२१ च्या जुलैला परत. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटाला इशारा आणि ४३ ला धोका, आणि या दोन्ही वेळेला पाणी पन्नाशीच्या पुढं गेलं. हायवे शिरोलीजवळ बंद. जनावरं सोडून द्यायची का बांधून ठेवायची हा निर्णय रात्री दोन वाजता घ्यावा लागतो, तो कुणावर येऊ नये. ज्यांनी दावी कापून सोडली त्यांची काही जनावरं वाचली, ज्यांना वाटलं पाणी गोठ्यापर्यंत येणार नाही त्यांची दावणीला गेली.

पुरानंतर उसाचा शेंडा कुजतो, आठ दिवसाच्या वर पाण्यात राहिला की संपलं. पाला गाळानं भरतो, जनावरं तोंड लावत नाहीत. पंचनामा होतो, भरपाई येते ती पुढच्या भरणीला पण पुरत नाही. आता कर्नाटकातल्या कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाची उंची ५१९ वरनं ५२४ मीटर करायची चर्चा निघाली की आमच्याकडं माणसाला झोप लागत नाही. पूर नक्की अलमट्टीमुळं येतो का नदीपात्रातल्या अतिक्रमणांमुळं आणि भरावांमुळं यावर तज्ञांत वाद आहे, तो असू दे, पण घर आमचं बुडतं.

आणि दुसरं संकट हळूहळू आलंय त्याचं कुणी बोलत नाही. क्षारपड, म्हणजे जमीन खारी होऊन नापीक होणं. पन्नास वर्षं पाटानं पाणी भरभरून दिलं, निचरा नाही, रासायनिक खत टनानं, आता पांढरी फुटलीय. ज्या रानात एकरी साठ टन निघायचा तिथं कुसळ उगवत नाही. शिरोळच्या दत्त कारखान्यानं जमिनीत सच्छिद्र पाईप घालून खारं पाणी बाहेर काढायचं काम मोठ्या प्रमाणात हाती घेतलं आणि तिथं पडीक रानं परत पिकाखाली आली, मी स्वतः बघितलीत. पण ते एकट्या माणसाचं काम नाही, पाईप टाकली तर पाणी पुढं कुठं सोडायचं, त्याला सगळ्या शिवारानं एकत्र यावं लागतंय. आणि खर्च एकराला लाखाच्या घरात.

धामणीचं_पाणी

पूर आणि क्षारपड वाचून वाईट वाटलं, पण आमच्या खोऱ्यात उलटं. धामणी खोरं, राधानगरी-पन्हाळा-गगनबावड्याच्या मधलं. पावसाळ्यात डोंगरावरनं एवढं पाणी येतंय की घराबाहेर पडता येत नाही आणि जानेवारी उलटली की नदीचं पात्र कोरडं. राईच्या धरणाचं काम कित्येक वर्षं रखडलं, आमच्या वडलांची पिढी त्याची वाट बघत गेली. त्या काळात गावांनी काय केलं, वर्गणी काढून, स्वतः राबून नदीत मातीचे बंधारे घातले. दरवर्षी पाऊस थांबला की घालायचे, दरवर्षी पावसाळ्यात ते वाहून जाणार, परत पुढच्या वर्षी. ट्रॅक्टरवाला डिझेलच्या पैशावर ट्रॅक्टर देतो, घरटी एक माणूस कामाला, जो येत नाही त्यानं पैसे द्यायचे. सरकारचा रुपया नाही त्यात.

जिल्ह्याला पाण्याची परंपरा आहे हे खरं, शाहू महाराजांनी राधानगरीचं धरण १९०७-०८ च्या सुमाराला हाती घेतलं. बरगे (फळ्या) घालून पाणी अडवायचा कोल्हापूर पद्धतीचा बंधारा देशभर गेला. पण ज्या खोऱ्यात धरण नाही तिथली माणसं त्याच जिल्ह्यात राहून टँकरची वाट बघतात. म्हणून कुणी सधन जिल्हा म्हटलं की मी विचारतो, कुठल्या नदीच्या काठाचा?

भरणी_झाली

पाण्याचा विषय निघालाय तर लाईटचं पण लिहितो. शेतीला थ्री फेज आठ तास, आठवड्यानं पाळी बदलते, एक आठवडा दिवसा एक आठवडा रात्री. रात्रीच्या पाळीला बॅटरी घेऊन उसात दारं मोडायला, म्हणजे एका सरीतनं दुसऱ्या सरीत पाणी वळवायला जायचं. आमच्याकडं गवे आहेत, बिबट्या आहे, साप तर आहेतच. आणि साडेसात एचपीपर्यंतच्या मोटरला २०२४ पासनं वीज मोफत केली, चांगलं केलं, पण आपल्या जिल्ह्यात बरंचसं पाणी सहकारी पाणीपुरवठा संस्थांमधनं येतंय. चाळीस-पन्नास शेतकऱ्यांनी मिळून नदीवर एक मोठी मोटर बसवली, ती साडेसातात बसत नाही. म्हणजे ज्याची स्वतःची विहीर त्याला फुकट आणि ज्यांनी एकत्र येऊन संस्था काढली त्यांना बिल. दहा गुंठेवाला कधी स्वतःची मोटर टाकणार, तो संस्थेतच असतो. हे उलटं झालं.

चंदगडी_काजू

चंदगडकडनं. आमच्यात ऊस खाली नदीकाठाला, वर सगळा काजू, भात, नाचणा. आजरा-चंदगडला २००० नंतर हत्ती यायला लागले कर्नाटकच्या जंगलातनं, एका रात्रीत केळी, ऊस, माड, पाण्याच्या टाक्या, सगळं जमीनदोस्त. नुकसानभरपाईचा अर्ज करायला तालुक्याला दोन खेपा, त्याच्यात दोन दिवसांची मजुरी जाते. पोरं गोव्याला हॉटेलात आणि बेळगावला. सणाला येतात. आमच्या वाडीत आता साठीच्या वरचीच माणसं जास्त. घनसाळ भाताला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, नाव आहे, पण करायला माणूस नाही, उंच वाढतं ते भात, पडतं, उतारा कमी, वास भारी. माझ्या थोरल्या चुलत्यानं घरच्यापुरतं धरून ठेवलंय.

तिसरी_शिफ्ट

एमआयडीसीवाला मीच. कागल तालुक्यात गाव, फौंड्रीत काम करतो, ठेकेदाराकडं. कोल्हापुरात फौंड्री भरपूर आहेत म्हणून काम मिळतं, पण परमनंट कोण करत नाही. शिफ्ट सुटली की गाडीवर पंचवीस किलोमीटर, घरी येऊन म्हशींना पाणी, झोप, परत. वय एकतीस. लग्न जमंना.

याच्यावर लोक हसतात पण हसण्यावारी न्यायचा विषय राहिलेला नाही. आमच्या गावात तीस ओलांडलेली आणि लग्न न झालेली पोरं मोजायला लागलं तर हातापायाची बोटं पुरत नाहीत. स्थळ बघायला गेलं की पहिला प्रश्न नोकरी कुठं, दुसरा परमनंट का, तिसरा शेती किती. शेती पाहिजे पण शेतात काम करायला नको. चार एजंटांनी पैसे घेतले, एकाचा फोन लागत नाही. काही जणांनी कर्नाटकातनं नाहीतर लांबनं पोरी करून आणल्या, त्यातल्या काही टिकल्या काही फसवून गेल्या. आईबाप रात्री जागे असतात, कळतं मला. व्यसन नाही, कर्ज नाही, घर आरसीसी बांधलंय. काय कमी आहे सांगा.

गोठा_आणि_मी

दादा तुमचं वाईट वाटतंय, खरंच. पण एक आई म्हणून लिहिते, रागावू नका. माझी लेक बारावीला आहे. मी तिला गोठा असलेल्या घरात देणार नाही. माझ्या मैत्रिणी पण देणार नाहीत, आणि आम्ही सगळ्या शेतकऱ्याच्याच बायका. पोरींना शेतकरी नको म्हणून सगळे नावं ठेवतात, पण नको म्हणणारी पोरगी नसते हो, तिची आई असते. तिनं पंचवीस वर्षं शेण काढलेलं असतं. सासूबाईंच्या हातात सगळा पैसा बघितलेला असतो. आजारी पडल्यावर म्हशीचा डॉक्टर आधी आलेला बघितलेला असतो. तुमच्यात काही कमी नाही, तुमच्या घरात येणाऱ्या पोरीच्या वाटणीला काय येणार ते बदला. मुक्त गोठा करा, मिल्किंग मशीन घ्या, कडबाकुट्टी बसवा, एक धार तुम्ही काढा, आणि डेअरीचं खातं तिच्या नावावर काढून देणार असं बैठकीत सांगा. बघा मग.

तिसरी_शिफ्ट

ताई, रागावलो नाही. धार मी काढतोच, आईचा हात दुखतोय म्हणून. पण खात्याचं असं कधी डोक्यात आलं नव्हतं. आईच्या नावावर पण नाही आमच्यात, वडील जाऊन सहा वर्षं झाली, अजून त्यांच्याच नावावर चालू आहे.

जुने_गुरुजी

निवृत्त शिक्षक आहे, भुदरगडात बरीच वर्षं नोकरी केली. चर्चा वाचतोय. शाळेबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून दोन शब्द. आपल्या जिल्ह्यातल्या प्राथमिक शाळांचा दर्जा वाईट नाही, शिष्यवृत्ती परीक्षेच्या गुणवत्ता यादीत भुदरगड, कागल, राधानगरीची जिल्हा परिषद शाळेतली पोरं दिसतात, त्यांचे शिक्षक दिवाळीच्या सुट्टीत, रात्री अभ्यासिका घेतात. पण गावात पोरंच जन्माला येईनात. तिशीपर्यंत लग्न नाही, झालं तर कुटुंब शहरात. जी चार-दोन पोरं आहेत ती पिवळ्या व्हॅननं इंग्रजी शाळेला. पट वीसच्या खाली आला की शिक्षक कमी, शिक्षक कमी झाले की उरलेले पालक पण पोरं काढतात. गाव आटतं ते आधी बालवाडीत दिसतं, मी ते वर्गात उभं राहून बघितलंय.

गोठ्याच्या ताई, तुम्ही नावाचा विषय काढलात. दोन गोष्टी सांगतो. सातबाऱ्यावर नवऱ्यानं अर्ज केला तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं, लक्ष्मीमुक्ती योजना म्हणतात, नव्वदच्या दशकापासनं आहे. फार थोड्यांनी वापरली. आणि आपल्याच शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या विधवा प्रथा बंद केल्या. त्याच महिन्यात शासनानं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितला. बारक्या गावाची ग्रामसभा काय करू शकते याचं हे उदाहरण घरचं आहे. ठराव झाला म्हणून सगळ्या घरांतलं बदललं असं नाही, पण ज्या बाईला नको होतं तिला आता कागदाचा आधार मिळाला.

शिरोळचा_गडी

गुरुजी बरोबर. हेरवाड आमच्यापासनं जवळ आहे. पहिल्यांदा लोक कुजबुजले, मग पुरानंतर आणि कोरोनानंतर गावात तरुण विधवा किती झाल्यात ते सगळ्यांनाच दिसत होतं.

तोडणी_वाहतूक

ट्रॅक्टर मालक आहे. सगळे शेतकऱ्याची बाजू लिहितात म्हणून आमची पण ऐका. ऊसतोड मजुरांची टोळी आणायची तर मुकादमाला उचल (आगाऊ पैसे) द्यावी लागते, लाखांत. बीडकडनं, विजापूरकडनं. दरवर्षी आपल्या जिल्ह्यातली कितीतरी वाहनमालक फसतात, पैसे घेऊन टोळी येतच नाही, केस करायला तिकडं गेलं तर उलटी धमकी. ट्रॅक्टरचा हप्ता थांबत नाही. मग ड्रायव्हर शेतकऱ्याकडं एंट्री मागतो, टोळी खुशाली मागते, म्हणजे दोघं पण वरचे पैसे मागतात, शेतकरी शिव्या घालतो. खेपेला पाचशे-सातशे देताना त्याला लागतंय, बरोबर आहे, ऊस त्याचा, वाळतोय त्याचा. पण टोळीतली बाई बघा, पोटुशी असताना पण मोळी डोक्यावर घेऊन फळीवर चढते. तिची पोरं फडात झोपतात. आपण ज्या बायकांचं बोलतोय त्यात ती पण धरा.

गोठा_आणि_मी

धरली दादा. वाड्याला गेले की त्यांच्याशी बोलणं होतं. माझ्या लेकीचे जुने कपडे, स्वेटर देते. थंडीत पहाटे तीनला उठतात त्या.

भरणी_झाली

कासारी भावा, सुरुवातीला मी वाद घातला पण ताईंची पोस्ट बायकोला वाचून दाखवली. ती काही बोलली नाही, नुसती म्हणाली खरं लिहिलंय. आमचं पण खातं माझ्याच नावावर आहे. आता नाव बदलायचं तर करायचं काय, कुणाला माहिती आहे का? सचिवाला विचारलं तर म्हणतो कशाला उगंच.

डेअरी_सेक्रेटरी

मी एका दूध संस्थेत सचिव आहे, आमच्या संस्थेचं सांगतो, बाकी पोटनियम थोडेफार वेगळे असतील. खातं बदलणं आणि सभासद होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसतं दूध घालायचं खातं पाहिजे असेल तर ताईंच्या नावाचा साधा अर्ज, आधार आणि त्यांच्या स्वतःच्या बँक खात्याचं पासबुक, एवढ्यावर नवीन कोड नंबर पडतो, पुढच्या दहा दिवसाचं बिल त्यांच्या खात्यावर. ह्याला कुणाची परवानगी लागत नाही, सचिवानं कशाला म्हणायचं कारणच नाही. दिवाळीचा फरक वर्षभरात त्या कोडवर गेलेल्या दुधावर निघतो हे लक्षात ठेवा, म्हणजे मधनंच बदललं तर दोन्ही कोडवर थोडा थोडा निघेल, बुडत नाही.

मतदान पाहिजे असेल तर सभासद व्हावं लागतं. सभासदत्वाचा वेगळा अर्ज, शेअरची रक्कम, संचालक मंडळाच्या मीटिंगमध्ये मंजुरी, आणि त्याच्यापुढं पोटनियमात लिहिलेत तेवढे दिवस आणि तेवढे लिटर दूध घालायला लागतं तरच क्रियाशील धरतात. मयत सभासदाचं, तिसरी शिफ्ट भाऊ तुमच्या वडलांसारखं, वारसनोंद करून शेअर आईच्या नावावर होतो, नवीन घ्यायची गरज नाही. मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती लागेल.

संचालक मंडळात दोन जागा महिलांना कायद्यानं राखीव आहेत, गावोगावी त्या जागांवर कुणाची तरी सून, कुणाची तरी बायको बिनविरोध येते आणि मीटिंगला नवरा येतो. आमच्यात दोन वर्षांपासनं आम्ही सही मीटिंगमध्येच घेतो, घरी रजिस्टर पाठवत नाही. त्यातली एक बाई आता फॅट मशीन दर महिन्याला तपासून घ्या म्हणून मागं लागलीय आणि ते योग्यच आहे.

तिसरी_शिफ्ट

संमती म्हणजे दोघी बहिणींची पण लागणार ना? एकीचं लग्न बेळगावकडं झालंय.

डेअरी_सेक्रेटरी

हो, दोघींची. स्टॅम्पवर लिहून सही केलेलं चालतं, तिनं इथं यायची गरज नाही. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होते, त्याच्या आधीच्या संचालक मीटिंगला अर्ज आला तर यंदाच्या यादीत आईचं नाव लागेल.

गोठा_आणि_मी

दादा मी उद्या सकाळी डेअरीत जाताना आधार आणि पासबुक घेऊनच जाते. पासबुक लाडक्या बहिणीचं आहे तेच चालेल ना? आणि कोड बदलला की जुन्या खात्यावरची पेंडीची उधारी आहे ती कुठनं कापतात?

डेअरी_सेक्रेटरी

तेच पासबुक चालतं. उधारी जुन्या कोडवरच्या शेवटच्या बिलातनं कापून घ्या, नवीन कोडवर घेऊन जाऊ नका, आणि कापल्याची पावती मागून घ्या.